ठरलेलं मत

वॉशिंग्टन,
२८ ऑगस्ट

ती. सुनेत्रामावशी,
केयाचा सा. न. वि. वि.

सुरुवात तू शिकवलीस तशी केली आहे, पुढचं मराठी जमेल तसं. फोनवर तू जेवलीस का, झोपलीस का यातच वेळ घालवतेस, म्हणून पत्र.

सुप्रीम कोर्टातली जागा रिकामी झाल्यापासून आमच्या ऑफिसात सगळे टेन्शनमध्ये आहेत. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला माणूस तिथे बसला, तर बायकांना काही राज्यांत उरलेली गर्भपाताची मोकळीकही जाईल. नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते, आणि समोरचे काही जण फुटल्यामुळे आपल्या पक्षाची सगळी मतं एकत्र राहिली तर त्याला निवडणुकीपर्यंत अडवता येतं. पण माझे बॉस, सिनेटर हॉलोवे, अजून तळ्यात-मळ्यात करताहेत.

१२ सप्टेंबरला ते तुमच्या चँडलरला लोकांना भेटणार आहेत. अनिकाच्या आधी गेलेल्या तुझ्या बाळाचं तू मला एकदा सांगितलं होतंस. ते तिथे उभी राहून सांगशील? रिपोर्ट त्यांनी खूप वाचलेत. त्यांनाच मत देणारी एक बाई समोर येऊन बोलली, तर ते तिला नाही म्हणू शकणार नाहीत. मी काय मागतेय ते मला कळतं, मावशी. शैलेंद्रकाकांना विचारून मगच ठरव.

लोभ आहेच, या खेपेस थोडा धीरही असू दे.

तुझी,
केया


चँडलर,
२० सप्टेंबर

चि. केयास,
अ. उ. आ. वि. वि.

बोलले गं बाई एकदाची!

तुझे काका आधी नको म्हणाले. ते भांडत नाहीत, गॅरेजमध्ये जाऊन नसलेली कामं काढतात. त्यांचंही बरोबर होतं. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की बाळ जगणार नाही आणि वाट बघत बसलो तर माझंही खरं नाही. त्यांनी वेळेत मोकळं केलं म्हणून मी राहिले आणि पुढे अनिका झाली. पण नागपूरला सासूबाईंना आम्ही ते आपोआप गेलं असंच सांगितलं होतं. त्या सगळं देवावर सोडणाऱ्या, त्यांना हे सोसलं नसतं. शेवटी काकाच मला गाडीत घालून घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसले.

निम्मं महाराष्ट्र मंडळ हॉलमध्ये हजर होतं. कणीक मळताना पाठ केलेलं इंग्रजी ऐन वेळी दगा देऊन गेलं, पण सांगायचं ते सांगितलं. तुझे हॉलोवे खाली उतरून आले, माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्या माणसाचं मन वळलं आहे, केया, मी पाहिलं.

वाईट इतकंच की कुणीतरी काढलेला व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवरून थेट नागपूरला पोचला. मुलानं इतकी वर्षं फसवलं, एवढं बोलून सासूबाईंनी फोन ठेवला. आता त्या काकांचा फोनच उचलत नाहीत. काकांचं जेवण कमी झालंय. ते मत मिळालं तर हेही निभावून नेऊ. काकांनी मला एकच विचारलं होतं, केयाची खात्री आहे ना. मी म्हटलं, आपली पोर आहे, आपल्याला उगाच कशाला उभं करेल.

वेळेवर जेव. लोभ असतोच, तो काय सांगायचा.

तुझी,
सुनेत्रामावशी


वॉशिंग्टन,
६ ऑक्टोबर

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

बातमी कळलीच असेल. हॉलोवेंनी नेमणुकीला हो म्हटलं आणि ती जागा गेली. भाषणात त्यांनी चँडलरच्या एका आईचा उल्लेख केला, मग मत त्या बाजूला दिलं.

तू फोन घेत नाहीस. अनिका सांगत होती, तू सारखी म्हणतेस की माझं इंग्रजी कमी पडलं, दुसरी कुणी असती तर त्यांना पटवलं असतं. असं प्लीज मनात आणू नकोस. तू काही बिघडवलं नाहीस, कारण ते सगळं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. पक्षाच्या मोठ्या लोकांचं म्हणणं, ही जागा अडवली तर आपले मतदार निवांत घरी बसतील. ती गेली तर चिडून बाहेर पडतील आणि नोव्हेंबरमध्ये सिनेट आपली होईल. हॉलोवेंनी फक्त आधी लोकांचं ऐकलेलं दिसायला हवं होतं. मला तेव्हा ते पटलं, खरं सांगायचं तर अजूनही पटतं.

तुझा व्हिडिओ देशभर बघितला जातोय. प्रचाराच्या जाहिरातीत तो घ्यायला तुझी परवानगी हवी आहे. हो म्हण ना, म्हणजे तुझं बोलणं वाया जाणार नाही.

काकांना नमस्कार. रागावली असशील तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
केया


चँडलर,
१५ ऑक्टोबर

चि. केयास,
आशीर्वाद.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं, आणि अखेरीस तू मला लिहिलंस की साहेब अजून तळ्यात-मळ्यात करताहेत. तू मला फसवलंस. माझी समजूत काढायला म्हणून हे लिहिलंस आणि लिहिताना तुला काही वाटलंही नाही, ते जास्त लागलं. हॉलोवेंचं मला काही नाही. परका माणूस आहे, पुढच्या वेळी मत देणार नाही, विषय संपला. तुझ्या बाबतीत तसं कसं करू?

तुमचं गणित जमेलही, नोव्हेंबरमध्ये जिंकालही. पण तुम्हाला हरायचंच होतं आणि त्या हरण्यात माझं बाळ दाखवायला हवं होतं, हे मला आधी सांगायचं होतंस. कदाचित मी हो म्हटलंही असतं. ते माझं मला ठरवू द्यायचं. जाहिरातीला माझी परवानगी नाही. परस्पर वापरलंत तर मी पुन्हा उभी राहीन आणि सगळं सांगेन.

तुझं पत्र मी काकांना दाखवलं नाही. मत गेलं त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, केयाला हे आधी माहीत होतं का. तेव्हा मी नाही म्हटलं, कारण मला तसंच वाटत होतं. काल त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा नाही म्हटलं. पोरीलाही त्या लोकांनी अंधारात ठेवलं, असं सांगितलं. त्यांना तुझीच कीव आली. म्हणाले, तिला दिवाळीला बोलावून घे, मोडून गेली असेल बिचारी.

आम्ही दोघं मिळून जगाशी खोटं बोललो, केया, पण एकमेकांशी कधी खोटं बोललो नव्हतो. म्हणून दिवाळीला येऊ नकोस. ते तुला जवळ बसवून तुझी समजूत घालायला लागतील, आणि मला ते बघत बसावं लागेल.

तब्येतीला जप. लोभ आहे, पण आज लिहवत नाही.

सुनेत्रामावशी