काळीचं बंद तोंड

१२ मे, संध्याकाळ

काळी अजून रवंथ करत नाही. एवढी गाभण शेळी, सकाळपासून जीभ बाहेर काढून धापा टाकतेय. पाणी पिते, पण फणसाचा पाला पुढे धरला तरी हुंगतसुद्धा नाही.

गोठ्यावर पत्रे घालायचा हट्ट माझाच. दर वर्षी माडाची झावळं भिजवा, झापं विणा, जुनी उतरवा... कंटाळले होते मी. दीर तेव्हाच म्हणाले होते, "वयनी, झाप कुजता, पण तापणा नाय. पत्रो तापतलो." आणि मी काय म्हणाले? "मगे झापां तुमी विणतल्यात काय?" 

आज पत्र्यावर ओली पोती टाकली, ती तासाभरात कडक वाळली. काळीला फणसाखाली बांधली, तर तिथेही पान हलत नव्हतं. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, सावली द्या, पाणी द्या, वारा लागू द्या. वारा कुठून आणू?

दुपारी दीर आले. पत्र्यावर झावळं पसरली. एकदा तरी त्यांनी म्हणायचं होतं, 'मी सांगितलं होतं' म्हणून. पण म्हणाले नाहीत.

दिवेलागणीला मी पुन्हा काळीसमोर जाऊन बसले. जबडा हलतो का बघत होते. कधीपासून कोण जाणे, मीच रिकामं तोंड हलवत होते, पोरांना भरवताना हलवायचे तसं. मागे दीर उभे होते. तेव्हाही काही बोलले नाहीत.