कपाटाच्या मापाचे वाद्य

तीर्थरूप बाबा,

मुलाखत घेणारे मला नेहमी विचारतात, की तुम्ही क्लॅरिनेटच का निवडलेत. मी गंभीर चेहऱ्याने गुरूंचा उल्लेख करते. खरे कारण आपले कपाट आहे आणि ते तुम्हाला नीट समजावून सांगायलाच हवे.

तुम्ही बेकरीतली रात्रपाळी करून दिवसा झोपत असा. घरात चमचा पडला तरी गहजब होई. त्यामुळे सरावाला एकच जागा उरली, ती म्हणजे कपड्यांच्या कपाटाच्या आत. आता पाहा, मला बासरी हवी होती. पण ती आडवी धरावी लागते आणि कपाटात मावत नाही. शाळेच्या बँडमधले क्लॅरिनेट उभे धरता येई. शिवाय लोकरी कोट आवाज फार सुंदर शोषून घेतात. समीक्षक जिला माझी अंतर्मुख शैली म्हणतात, ती वस्तुतः तुमच्या कोटांची आहे.

माझ्याशी तुम्ही क्वचितच बोलत असा. कपाटाशी मात्र बोलायचात, "ए कपाटा, गप्प बस." मग आम्ही दोघेही गप्प बसत असू. पुढे मी घर सोडले, तेही गुपचूप.

काल आत्याचा फोन आला. "अगं, दादा निवृत्त झाला, तरी दुपारी त्याचा डोळा म्हणून लागत नाही. कपाटाचं दार उघडं टाकून पडतो आणि मला विचारतो, हे आता बोलत का नाही?"

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमच्यासमोर इतके बोलायची मला सवय नाही. आत्याबरोबर रविवारच्या कार्यक्रमाचे तिकीट तेवढे देते. पहिली रांग, वेळ दुपारची. तुम्हाला तिथे झोप लागली, तर तीच मी दाद समजेन.

तुमची,
कपाटातली