एक किलो पुढे

सोमवार, १७ नोव्हेंबर २०१४
सकाळी उमाचं वजन – काट्यावर ४९. म्हणजे खरं ४८!

ही गोष्ट फक्त या वहीला ठाऊक. दिवाळीआधी वजनाचा काटा घरी आणला, तेव्हा सगळ्यांनी चढून पाहिलं – हे ६८, मी ५२, उमा ४९. दुसऱ्या दिवशी मी खालचं चाक फिरवून काटा एक किलो पुढे केला. भिंतीवरचं घड्याळ नाही का दहा मिनिटं पुढे ठेवत? त्यामुळंच यांची चिकलठाण्याची कंपनीची बस एकदाही चुकली नाही. थोडा धाक असलेला बरा. पोरगी बॉक्सिंगमध्ये ४८ किलोच्या गटात लढते, पाव किलो जास्त भरली तरी पंच रिंगमध्ये घेत नाहीत.

एकोणीस लढती, एकोणीस विजय. हार शून्य. मारुतीरायाची कृपा.

पण आज तिला बॉक्सिंग शिकवणारे बद्रीनाथ सर घरी आले. चहा घेतला नाही, सरळ विषय काढला. "ताई, उमाला आता एक्कावन्नमध्ये खेळवू. उंची वाढली, हाडं भरली. किती दिवस उपाशी ठेवणार?"

मी म्हटलं, "सर, एकही हार नाही तिची. आता दोनच राहिल्या."

"कशाच्या दोन?"

सांगितलं नाही. एकवीस लढती न हरता झाल्या की तिला खुलताबादला भद्रा मारुतीला पायी आणीन, असा नवस आहे. तो उमालाही माहीत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
जेवताना बापलेकीची जुंपली. हे म्हणाले, "अपराजित म्हणून पेपरात नाव येतं. नोकरीच्या अर्जावर ते लिहिता येतं. वरच्या गटातल्या पोरी लई दांडग्या. कशाला मिळालेलं घालवते?"

उमा म्हणाली, "पप्पा, जिथं मला कुणीच हरवत नाही तिथं मी शिकणार काय?"

"लई शानी झाली तू!"

"व्हय, तुमचीच पोरगी."

हे हसले. मी हसले नाही. अर्धी भाकरी घेऊन उठली पोरगी. तिच्यासमोर मलाही घास उतरेना.

गुरुवार, २० नोव्हेंबर
शेजारच्या आशाबाई ओट्यावरून ओरडल्या, "काय वं वहिनी, पोरीची गालफडं बसली! सासरी पाठवायची का सर्कशीत?"

म्हटलं, उपवास आहे तिचा. अर्धं खोटं. उपवास माझा आहे – सोमवार होताच, उमासाठी शनिवार धरला, आता गुरुवारही. ती उपाशी असताना मी ताट भरून बसू कशी?

शनिवार, २२ नोव्हेंबर
नव्या बांगड्या भांडी घासताना निसटल्या, दोन फुटल्या. कासारणीनं माप मोठं दिलं. एवढी वर्षं तिच्याकडेच भरते, तरी!

मंगळवार, २५ नोव्हेंबर
आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

अकरा वाजता सरांच्या स्कूटरवर मागे बसून उमा आली. ओठ पांढरे. स्वेटरवर रेनकोट घालून दोरीच्या उड्या मारत होती, घाम गाळायला. चक्कर येऊन पडली. सर दारातच म्हणाले, "ताई, हिला विचारा जरा. क्रीडा संकुलातल्या काट्यावर सत्तेचाळीस भरते. गट अठ्ठेचाळीसचा. मग आणखी कशाला वाळवते अंग?"

उमा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "सर, तुमचा काटा जुना झालाय. घरी अठ्ठेचाळीस भरते मी, अगदी काठावर. आमच्या आईचा हिशोब कधी चुकत नाही."

मी पाणी आणते म्हणून आत गेले, आणि देवासमोर उभी राहिले. सरांच्या काट्यावर तिचा विश्वास नाही, माझ्यावर आहे!

बुधवार, २६ नोव्हेंबर
सांगितलं. सगळं. काट्याचं चाक, घड्याळ, नवस – सगळं.

उमानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "म्हणजे महिनाभर मी एक किलो फुकट उपाशी राहिले?"

मी मान हलवली.

"आई, नवस तू बोललीस. मार मी खाते. निदान विचारायचं तरी!"

रडली नाही. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दुपारी उठली, स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "भाकरी वाढ. दोन. आणि शेंगदाण्याची चटणी तेल घालून."

वाढली. तिसरीही खाल्ली! मग तव्याकडं बघत म्हणाली, "मी एक्कावन्नला खेळणार. हरले तर हरले. तुला चालेल का ते आधी सांग."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं विचारलं. म्हटलं, "चालेल."

गुरुवार, २७ नोव्हेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडायच्या आधी काट्याचं चाक फिरवून शून्यावर आणलं. घड्याळ तसंच ठेवलं. यांची बस चुकायला नको.

शनिवार, २९ नोव्हेंबर
एसटीनं खुलताबादला गेले, एकटीच. मारुतीरायाला साफ सांगितलं – "देवा, नवसातला 'न हरता' एवढा शब्द मी खोडते. एकवीस लढती होऊ दे, हरो की जिंको, पायी येऊ." वहीत खाडाखोड मला आवडत नाही. पण चुकीचं तसंच ठेवण्यापेक्षा खोडलेलं बरं.

हे म्हणाले, "देवाशी असा सौदा चालतो का?"

म्हटलं, "तुमच्यापेक्षा तो ऐकून घेतो."

मंगळवार, ९ डिसेंबर
उमा – ५०! वजन वाढलं म्हणून पेढे वाटावेसे वाटले. सर म्हणतात, तिचा ठोसा आता भिंतीला लागला तर भिंतीनं सॉरी म्हणावं.

गुरुवार, १८ डिसेंबर
परवा लढत. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उपवास जरा कडकच केला, पाण्यावर. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली. काळजीनं असेल.

शनिवार, २० डिसेंबर
समोरची पोरगी हातभर उंच, एक्कावन्नमध्ये तीन वर्षं मुरलेली. पहिल्या राऊंडला उमा मागे सरकली. मी तिला मागे सरकताना कधी पाहिलंच नव्हतं. पदर तोंडात धरला. दुसऱ्या राऊंडला खाली वाकून आत शिरली आणि असे दोन ठोसे ठेवून दिले की सगळा हॉल ओरडला. तिसऱ्यात दोघी दमल्या, पण दोघी थांबेनात!

हात त्या पोरीचा वर झाला. दोन पंच तिकडं, एक इकडं.

मला वाटलं होतं काहीतरी तुटेल आत. नाही तुटलं. उमा दोऱ्यांखालून बाहेर आली, ओठ फुटलेला, आणि हसत होती. "आई, पाहिलंस का? मला ही पुन्हा पाहिजे!"

सगळ्यात जास्त टाळ्या कुणाच्या, तर यांच्या. घरी येईपर्यंत एकच, "हरली व्हय, पण दुसऱ्या राऊंडला कशी धरली!"

वहीत 'हार'च्या रकान्यात पहिल्यांदा आकडा लिहिला. एक. अक्षर नेहमीसारखंच आलं.

सोमवार, २२ डिसेंबर
उमानं सकाळी हाताला धरून मला काट्यावर उभं केलं. काटा शून्यावर होता, मी स्वतः पाहिला. चव्वेचाळीस.

पोरीनं वाकून आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाली, "आई, माझ्यासंगं तूही वजन उतरवत होतीस, आणि कुणाला सांगितलंही नाहीस. चल, आता तूपण वरच्या गटात."

सोमवार होता. तिनं वाढलेली भाकरी खाल्ली. महादेवाला आधी विचारलं.

कासारणीचं माप बरोबर होतं.