मुरलीधराच्या मनगटावरचा दोरा

प्रिय विठ्ठल,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून लिहिते. इकडे सोयाबीन फुलावर आले आहे. बाबांनी लावलेला पारिजातक देवाला पुरून उरेल इतका बहरतो आहे.

माझ्या रविवारच्या वर्गात मुले नामावली म्हणताना चुळबुळ करीत, म्हणून मी त्यांच्या हाती काम दिले. बंजारा तांड्यावरच्या लालीबाईने कशिद्यातून उरलेल्या रंगीत लडी आणून दिल्या. सभामंडपाच्या फरशीला दोऱ्यांची टोके चिकटपट्टीने बसवायची आणि गाठीमागून गाठ घालीत पट्टी विणायची. प्रत्येक गाठीला देवाचे एक नाम. मुले याला फ्रेंडशिप बँड म्हणतात. माझी पहिली पट्टी सुंभासारखी पिळली गेली, त्या दिवशी सगळा वर्ग पोट धरून हसला. पण नामावली आता त्यांना तोंडपाठ आहे. तुझ्या मंदिर समितीतल्या किती जणांना आहे?

लालीबाईची नात उज्ज्वला हिने दोन सारख्या पट्ट्या विणल्या. एक मैत्रिणीला बांधली आणि दुसरी हातात धरून गाभाऱ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आजी, देवाले कोणी दोस्त नाही का? त्याचा हात रिकामाच हाय." मी म्हटले, गोकुळातले सारे गुराखी त्याचे मित्रच होते. "मंग त्यायनं काही बांधलं काहून नाही?" त्यावर लालीबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "मोठा झाला का विसरते तो, तुया बापासारखा."

विठ्ठल, नवविधा भक्तीतली आठवी सख्यभक्ती. त्याच मंडपात बसून चाळीस वर्षे मी तिचे निरूपण करीत आले. श्रोते माना डोलावत आणि प्रसाद घेऊन घरी जात. उठून ती आचरणारे माणूस मी प्रथमच पाहिले, आणि ते नऊ वर्षांचे होते. हा दोरा कोणालाही आपला आपण नीट बांधता येत नाही, दुसऱ्याचे हात लागतात. मुरलीधराचे तर दोन्ही हात बासरीत गुंतलेले.

दुसऱ्या दिवशी अभिषेकाच्या पाण्याबरोबर देवाच्या मनगटावर बांधलेल्या त्या पट्टीचा गुलाबी रंग काळ्या पाषाणावरून कोपरापर्यंत ओघळला. तुमच्या समितीतल्या विमलताईंनी तो पाहिला आणि सायंकाळपर्यंत समिती बसली. ठराव झाला, मी दोरा सोडावा, शुद्धी करावी, अन्यथा गाभाऱ्याची किल्ली परत द्यावी. गेल्या दिवाळीत याच देवाच्या गळ्यात तुम्ही लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ घातली होती. तेव्हा शास्त्र कोणी विचारले नाही. रंग हे निमित्त आहे. बोट रंगाकडे आहे आणि नजर नाल्यापलीकडच्या तांड्याकडे. त्या तांड्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून आणीत, आणि तेच मीठ आपल्या घरच्या नैवेद्यात पडे. त्या मिठाची शुद्धी आपल्या कोणत्या पूर्वजाने केली, तेवढे मला कळव.

मुलांच्या या खेळाचा एकच नियम आहे. दोरा झिजून आपोआप गळेपर्यंत सोडायचा नाही. मी तो पाळणार आहे.

काल फोनवर तू मला वाचवायला निघालास. माझ्या नकळत मुलगी आत शिरली, एवढे दोन ओळींत लिहून दे, किल्ली तुझ्याकडेच राहील, असे म्हणालास. बाबांनंतर रोज पहाटे मी त्या देवाला जागे करते. ते सुटले तर माझ्यापाशी काय उरेल, हे तुझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. म्हणूनच तू त्या दोन ओळी मागितल्यास. तर हे घे, लिहून देते. उज्ज्वला नकळत शिरली नाही. मी तिचा हात धरून तिला आत नेले, चौरंगावर उभे केले आणि ती गाठ मारीत असताना समई उचलून उजेड धरला. रविवारच्या बैठकीत हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. किल्ली याच पाकिटात आहे. दोरा सोडायला ज्याला यायचे असेल त्याने वर्गाच्या वेळी, मुलांच्या देखत यावे. मी तिथेच त्यांच्यात बसलेली असेन.

तुझीच ताई,
कोकिळा