विहिरीतली बाई, भाग पाच

सिडको, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप सासूबाईंना जावई बन्सीचा वाकून नमस्कार. कन्नडला टँकर वेळेवर येतोय ना? डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला लांबचं स्वच्छ दिसतं असं चंपा म्हणाली, ऐकून बरं वाटलं. इकडं आम्ही सुखरूप आहोत. मध्यंतरी नव्हतो, म्हणून हे पत्र.

'विहिरीतली बाई' या आपल्या भुताच्या सिनेमाचा पहिला भाग आपण तुमच्याच विहिरीवर काढला आणि भूत तुम्हीच झालात. तुम्ही नुसतं पोहरा ओढता ओढता कॅमेऱ्याकडं बघितलंत, तर लोक मोबाईल बंद करून देवघरात जाऊन बसले. पुढं बाजारात पोरं तुम्हाला बघून पळायला लागली, तेव्हा तुम्ही राजीनामा दिलात. दुसऱ्या भागाच्या वेळी पाऊसच नाही. विहीर आटली, तळातल्या तुटक्या चपला दिसू लागल्या. अशा विहिरीला कोण भिणार? म्हणून भूत बोअरमध्ये घातलं (एवढ्याशा भोकातून धडधाकट बाई वर कशी येते, असं लोक अजून विचारतात). तिसऱ्या भागात ते टँकरमध्ये बसवलं, तर शूटिंगच्या टँकरमागं अख्खी गल्ली हंडे घेऊन उभी राहिली. भुताला खाली उतरवून आम्ही पाणी वाटलं. चौथ्या भागाला आमचा भागीदार सांडू म्हणाला, परदेशी सिनेमात भुतं उडतात, आपलंही उडवू. बिडकीनकडच्या एका नव्या इमारतीवरून दोर बांधून भूत सोडलं. ते (म्हणजे स्वराली, कॉलेजातली मुलगी) कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींत अडकलं. मुलगी ठणठणीत आहे. पण तेवढाच तुकडा लोकांनी हसत हसत एकमेकांना पाठवला, आणि सांडू म्हणाला, "बास झालं. मी आता लग्नाचेच व्हिडिओ काढतो."

मी लई खचलो. घरी येऊन बादलीत नळ सोडला आणि तसाच बसून राहिलो. बादली कधी भरून वाहायला लागली, कळलं नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "व्हय हो, बापानं नदी बांधून दिलीय का घरात?" अंगावर काटा आला. आवाज हुबेहूब तुमचा, आणि तुम्ही तर कन्नडला. वळून बघतो तर चंपा. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा हा गुण मला कसा दिसला नाही, कोण जाणे.

सांडूला लगोलग बोलावलं. पाचव्या भागात भूत कुणाला मारत नाही, उडतही नाही. साधं लुगडं नेसलेली बाई फ्लॅटमध्ये येते, वाहता नळ बंद करते आणि पाठमोरी उभी राहून चंपाचा तोच प्रश्न विचारते. आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरची टाकी वाहायची थांबली. सेक्रेटरी म्हणाले, "बन्सीभाऊ, बायको मला रात्री उठवून नळ बघायला लावते." वैजापूरच्या शाळेनं सिनेमा मागितलाय. सांडूनं लग्नांची कामं सोडून दिली. हे भूत आता चालणार, असं मनापासून वाटतं.

तुमचा आज्ञाधारक,
बन्सी

ता. क. : चंपा पाठमोरी उत्तम. पण शेवटी बाई वळते, तेवढं अजून काढायचं राहिलंय, आणि तिथं चेहरा तुमचाच पाहिजे. एक दिवस येऊन जावं.

ता. क. दुसरा : येताना कन्नडच्या बसस्थानकात पदर जरा पुढं ओढून बसावं. तुम्ही हो म्हणाल असं धरून तिथं तुमचं पोस्टर कालच लावलंय.