मामंजींची क्लॅरोनेट

१५ ऑक्टोबर १९५६, सोम.
दसऱ्याची सुट्टी संपली, आज प्रदर्शन उघडलं. गोरखी राजवाड्याजवळच्या हॉलमध्ये अख्खी एक भिंत मामंजींची. फोटो, रेकॉर्डी, दरबारच्या बँडचा लाल कोट. मधे काचेच्या पेटीत त्यांची क्लॅरोनेट. खाली पाटी, 'शासकीय संपत्ति'. दोनदा वाचली. सरकारी कचेरीने आठ दिवसांसाठी म्हणून मागितलेली! मामंजी नको नको म्हणत होते, मीच नेऊन दिली.
त्यांनी काचेवर बोट टेकवलं तर चौकीदार, "हाथ मत लगाइए, बाबा." वर त्यांचाच हातभर फोटो.

१६, मंगळ.
कचेरीत गेले. बाबूने जुनं रजिस्टर काढलं. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, वाद्यं सरकारजमा. यादीत हिचा नंबर आहे. म्हटलं, बँड मोडायच्या आधीच मामंजी रिटायर झाले, कप्तानसाहेबांनी सगळ्यांदेखत ती त्यांच्या हातात दिली. "कागज दिखाइए." कागद कुठला! तेव्हा शब्द पुरायचा.

१८, गुरु.
पुन्हा कचेरी. साहेब भोपाळला. फाइल भोपाळला. एक तारखेला भोपाळ राजधानी होऊन नवं राज्य, तोवर कोणी सही करायला तयार नाही. प्रदर्शनही उचलून नव्या राजधानीत नेणार म्हणे.
ह्यांची बदली झाली, महिनाभर तेही तिकडेच. पत्र आलं: सरकारशी वाद घालू नकोस, माझ्या नोकरीचं बघ. बघते!
येताना पाटणकर बाजारात कापडवाला, "क्या बात है भाभीजी, बाबा तो अमर हो गए." घरी येऊन ताट आपटलं. मामंजी म्हणाले, "तुझा काय दोष त्यात." ते ऐकून तर जास्तच...

२०, शनि.
मामंजी रोज सकाळी खासगी बाजारातून चालत हॉलवर जातात, पेटीसमोर बसतात. लोक पाया पडतात. हमारी बारात में आपने बजाया था, वगैरे. आज विचारलं, कशाला जाता? म्हणाले, "रियाज सुटला की ओठ सैल पडतात, सूनबाई. तिच्यासमोर बसलं की निदान आठवतं."

२१, रवि.
बाबू स्वतः घरी हजर! उद्या समारोप, मंत्री येणार, मामंजींनी दहा मिनिटं वाजवावं. पेटी उघडून देतील. "फिर वहीं रख देंगे." मला वाटलं, मामंजी हाकलून देतील.
"वाजवतो," म्हणाले.
बाबू गेल्यावर डबीतल्या, क्लॅरोनेटच्या तोंडाला लावायच्या वेताच्या पत्त्या उजेडात धरून एकेक पाहिली, एक निवडली. कितीतरी दिवसांनी दाढी केली. मी म्हटलं, "आणि दहा मिनिटं झाल्यावर?"
टोपी झटकत होते. म्हणाले, "उद्या पुढच्या रांगेत बसू नकोस. दाराशी बस. आणि टांगा थांबवून ठेव."