डोळे मिचकव, आई

२ मार्च
कांताच्या घरी धाड. आम्ही दारूबंदी मंडळाच्या सात बायका, सोबत दोन पोलीस. न्हाणीमागे मोहाचा सडवा, दारूसाठी आंबवलेली फुलं, मडक्यात पुरलेला — मीच काठीनं मडकं फोडलं! कांता ओरडली, "दारू माही हाये, पोराले सोडा." पोरगा प्रफुल्ल पुढे झाला, "नाई साहेब, माही हाये." दोघांचं भांडणच! मला तर हसू आलं.

डब्यात नोटा सापडल्या. "कापूस वेचून जमवले," कांता म्हणाली. खोटं! पण नोटेवर कुठे लिहिलेलं असतं? डबा परत मिळाला तिला.

५ मार्च
आमच्या रजतचं बरं आहे. नोकरी नाही, पण दिवसभर फोनवर क्रिप्टो विकतो. घेणारे अनोळखी, पैसे माझ्या खात्यात. जानेवारीत त्या ॲपवर माझ्या नावानं नोंदणी करायला माझं आधार घेतलं, फोन तोंडापुढे धरला. "डोळे मिचकव, आई." मिचकवले!

आज विचारलं, हे लोक कोण रे? म्हणे, "आपल्याले काय करायचं? नोटेले हात लागत नाई. कांताबाईसारखा धंदा थोडीच हाये!" पटलं मला. जरा मिरवलंसुद्धा मंडळात.

११ मार्च
खातं गोठवलं. अंगणवाडीचं मानधनही अडकलं. बँकेतली मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, सायबर पोलिसांचं पत्र आहे." रजतला सांगितलं. ताटावरून उठला.

१२ मार्च
वर्ध्याहून सायबर पोलिसांचे साहेब आले. गांजा विकणारी टोळी तो पैसा रजतकडे क्रिप्टोत बदलत होती. गांज्याचा पैसा — माझ्या खात्यात!

"रोख असती तर आम्ही हात टेकले असते, बाई. इथं मात्र कोणाकडून कोणाकडे गेलं, सारं नोंदून राहते. पुसता येत नाही."

कांताचा डबा आठवला. लाज वाटली.

चौकशीला रजतला घेऊन गेले. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. घाबरला असेल.

१३ मार्च
मंडळाची बैठक होती. गेले नाही. हातपंपावर कांता भेटली. वाटलं, आता ऐकवणार! तिनं माझी घागर भरून दिली. "येथं काय करून राह्यली लीलाबाई? पोराजवळ जाय."

ठरवलं. खातं माझं, आधार माझं, चेहरा माझा. सगळं मीच केलं म्हणून सांगेन. चोवीस वर्षांचा आहे तो, सारा जन्म पडलाय. माझं काय — नोकरी जाईल, लोक थुंकतील. भीती वाटते. खूप वाटते. पण कांता पोरासाठी उभी राहते, तर मी का नाही?

१४ मार्च
ठाण्यात गेले. मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी रजतचा जबाब वाचला — "धंदा आईचा आहे. मले काई माहीत नाई."

"खरं आहे का, बाई?"

हेच सांगायला गेले होते मी. बोलवेना.